सामाईक सर्व्हर आणि दूरस्थ सत्र



संगणक-प्रयोगशाळेतील तास संपल्याची घंटा झाली की पुढे काय घडते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातील फुलीवर टिचकी मारावयाची, खिडकी नाहीशी झाली की पाठीवर पिशवी टाकावयाची आणि बाहेर पडावयाचे. घरच्या संगणकावर एवढे केले तर काही बिघडत नाही. परंतु जेथे सर्वांचे काम एकाच सर्व्हरवर चालते, तेथे या एका टिचकीचे परिणाम टिचकी मारणाऱ्याला दिसत नाहीत. ते दुसऱ्या कोणाला तरी भोगावे लागतात. डिचोली तालुक्यातील एका महाविद्यालयात अशी प्रयोगशाळा सांभाळताना मी जे शिकलो, त्यातील बराचसा भाग माझ्या स्वतःच्या एका चुकीतून शिकलो. ती चूक सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. मात्र तिच्याकडे वळण्यापूर्वी ही व्यवस्था आली कोठून आणि चालते कशी, ते थोडक्यात पाहू.

एक यंत्र, अनेक माणसे

एका यंत्रावर अनेकांनी काम करावे, ही कल्पना आजची नव्हे. संगणक जेव्हा फार महाग होते, तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सी.डी.सी. ३६०० हा मोठा संगणक बसविण्यात आला आणि अन्य संस्थांतील संशोधकही त्यावर आपली कामे करून घेऊ लागले. त्या काळी काम छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातून द्यावयाचे आणि आपली पाळी येऊन उत्तर छापून मिळेपर्यंत वाट पाहावयाची, अशी रीत होती. एखादे कार्ड चुकले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ही वाट पाहणे टळावे म्हणून ‘कालविभागणी’ची पद्धत निघाली. नोव्हेंबर १९६१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनी तिचे प्रात्यक्षिक दाखविले. यंत्र प्रत्येक माणसाचे काम क्षणभर करते, लगेच पुढच्याकडे वळते आणि पुन्हा पहिल्याकडे येते. हे इतक्या वेगाने घडते की प्रत्येकाला यंत्र आपल्या एकट्याचेच आहे असे वाटते. आपण ज्याला सत्र किंवा ‘सेशन’ म्हणतो, त्याचे मूळ येथे आहे.

याच यंत्रणेतील एक प्रसंग पुढे कॉर्बातो यांनी आपल्या १९९१ च्या ट्युरिंग व्याख्यानात सांगितला. फाईल दुरुस्त करण्याचा कार्यक्रम आपल्या तात्पुरत्या फाईलला नेहमी एकच ठरावीक नाव देत असे, कारण एका खात्यात एका वेळी एकच माणूस काम करील असे त्याच्या कर्त्यांनी गृहीत धरले होते. एके दिवशी व्यवस्थापकांपैकी दोघे एकाच खात्यात एकाच वेळी काम करीत होते. एक जण सर्वांना दिसणारी दैनिक सूचना दुरुस्त करीत होता, दुसरा परवलीच्या शब्दांची फाईल. दोन्ही फाइलींची अदलाबदल झाली, आणि त्यानंतर जो जो आत आला त्याच्यासमोर सूचनेच्या जागी सर्वांचे परवलीचे शब्द छापले गेले! एका खात्यात दोघांनी शिरू नये, हा नियम यंत्रांच्या जगात किती जुना आहे, हे यावरून दिसते.

पुढे स्वस्त संगणक आले आणि ज्याचे त्याचे यंत्र ज्याच्या त्याच्या टेबलावर गेले. तरीही सामाईक यंत्राची गरज संपली नाही. १९८४ साली त्याच अमेरिकन संस्थेत ‘एक्स विंडो’ ही पद्धत सुरू झाली. तिच्यामुळे एका यंत्रावर चालणाऱ्या कार्यक्रमाची खिडकी दुसऱ्या यंत्रावर उघडता येऊ लागली. १९९८ मध्ये विंडोज एन.टी. ४ ची ‘टर्मिनल सर्व्हर’ आवृत्ती निघाली, आणि २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर ‘रिमोट डेस्कटॉप’ हे नाव घरोघरी पोहोचले. गोव्यापुरते बोलावयाचे तर २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘गोवा कॉम्प्युटर्स इन स्कूल्स प्रोजेक्ट’ या स्वयंसेवी उपक्रमाने परदेशांतील वापरलेले संगणक मिळवून, लिनक्ससह, येथील शाळांना दिले. जुने यंत्र टाकून न देता कामी लावावे, ही दृष्टी त्यामागे होती. सामाईक सर्व्हरच्या प्रयोगशाळेतही तीच दृष्टी असते. टेबलावरची यंत्रे जुनी असली तरी चालतात, कारण खरे काम आतल्या खोलीतील सर्व्हर करतो.

पडद्यावर जे दिसते ते

दूरस्थ सत्रात नेमके काय जाते आणि काय येते? टपालाने बुद्धिबळ खेळणाऱ्यांची गोष्ट आपण ऐकली असेल. पट आणि सोंगट्या कोणी पाठवीत नाही. पाठविली जाते ती केवळ खेळी. येथेही तसेच आहे. आपण कळ दाबली किंवा माऊस हलविला की तेवढी ‘खेळी’ सर्व्हरकडे जाते. सर्व्हर तिच्याप्रमाणे काम करतो आणि पडद्याचा जो भाग बदलला तेवढ्याचे चित्र परत पाठवितो. फाईल, कार्यक्रम, हिशेब, स्मृती, सारे काही सर्व्हरवरच राहते.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली ही की आपले यंत्र दुबळे असले तरी चालते. दुसरी अशी की रेषेची रुंदी थोडी असली तरी भागते, पण उत्तर परतण्यास लागणारा वेळ मात्र कमी हवा. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पेडणे तालुक्यातील घर आणि डिचोलीतील सर्व्हर यांत ३० किलोमीटर अंतर धरले, तर एका खेपेस मिलिसेकंदाचा सहावा भागही लागत नाही. दोन्ही ठिकाणी निरनिराळ्या कंपन्यांच्या जोडण्या असतील तर संदेश पुष्कळदा मुंबईसारख्या मोठ्या शहरातून फिरून येतो. तरी हजार किलोमीटरच्या त्या वळशाला एका दिशेने ५ मिलिसेकंदच लागतात. म्हणजे अक्षर उमटण्यास अर्धा सेकंद लागत असेल तर दोष अंतराचा नसतो. तो बहुधा मोबाइलच्या क्षीण सिग्नलचा किंवा वाटेत तुंबलेल्या संदेशांचा असतो. अशा वेळी पडद्यामागील रंगीत चित्र काढून टाकावे, रंगांची संख्या कमी करावी आणि दूरस्थ सत्रातून चलच्चित्रे पाहू नयेत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. काम सर्व्हरवर चालू असल्यामुळे आपला पडदा विझला तरी काम मरत नाही. पावसाळ्यात पेडण्याच्या गावांत वीज जाणे नवे नाही. माडाची एक झावळी तारेवर पडली की पुरते. घरचा संगणक अशा वेळी न साठविलेल्या कामासह बंद पडतो. दूरस्थ सत्रात मात्र सर्व्हरपाशी वीज टिकून असेल तर सत्र जिवंत राहते. वीज आल्यावर त्याच नावाने पुन्हा आत जावे, तो अर्धवट वाक्याच्या शेवटी कर्सर लुकलुकत असतो. हे मी वर्गात मोठ्या उत्साहाने सांगत असे. या उत्साहाचे स्मरण मला पुढे वेगळ्या प्रसंगी होणार होते.

तुटणे आणि निघणे

आता फुलीकडे येऊ. दूरस्थ सत्राची खिडकी फुलीने बंद केली म्हणजे केवळ जोडणी तुटते. याला ‘डिस्कनेक्ट’ म्हणतात. सत्र सर्व्हरवर तसेच राहते. उघड्या फाइली उघड्याच राहतात आणि त्यांनी अडविलेली स्मृतीही अडलेलीच राहते. सत्र खरोखर संपवावयाचे तर आतल्या मेनूतून ‘साइन आऊट’ किंवा ‘लॉग ऑफ’ करावे लागते. एकात माणूस खोलीला कुलूप लावून गावाला गेलेला असतो, दुसऱ्यात त्याने खोली रिकामी करून किल्ली परत दिलेली असते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा दार बंदच दिसते.

सुरुवातीला आमच्या प्रयोगशाळेत एका वर्गाला एकच खाते होते. सोपे म्हणून आम्ही तसे केले. विंडोज सर्व्हर सामान्यतः एका नावाला एकच सत्र देतो. त्यामुळे त्याच नावाने दुसरा विद्यार्थी आत आला की पहिल्याचे सत्र त्याच्या हाती जाई आणि पहिल्याचा पडदा विझे. दुसऱ्यासमोर पहिल्याची उघडी फाईल, उघडी टपालपेटी, सारे काही येई. यातून भांडणे झाली, ‘माझे उत्तर याने चोरले’ असे आरोप झाले, आणि खरे काय ते ठरविणे अशक्य झाले, कारण यंत्राच्या नोंदीत सर्वांचे नाव एकच होते. त्यानंतर प्रत्येकाला स्वतंत्र खाते दिले.

भांडणे थांबली, पण नवीन अडचण उभी राहिली. पूर्वी एका वर्गाचे एकच सत्र मागे राहत असे. आता प्रत्येकाचे राहू लागले. त्याचा हिशेब सोपा आहे. सर्व्हरची स्मृती ३२ जीबी. तीतून सर्व्हरच्या स्वतःच्या कामाला ४ गेली, उरली २८. एक्सेलचे कोष्टक आणि ब्राउझर उघडून बसलेल्या एका विद्यार्थ्याला सुमारे १.४ जीबी लागते असे धरू. म्हणजे २० विद्यार्थ्यांना ती बरोबर पुरते. सकाळच्या तुकडीचे २० जण फुली मारून गेले आणि दुपारचे २० येऊन बसले, की मागणी ५६ वर जाते. जवळ आहे त्याच्या दुप्पट! मग सर्व्हर स्मृतीतील मजकूर चकतीवर हलवू लागतो. चकती स्मृतीहून कितीतरी मंद असते, आणि समोर बसलेल्या मुलांना वाटते की यंत्र बिघडले. यंत्र बिघडलेले नसते; न आलेल्या पाहुण्यांसाठी पाने मांडून ठेवलेली असतात.

कोण आत आहे हे पाहण्याचा उपाय साधा आहे. विंडोज सर्व्हरवर ‘क्वेरी यूजर’ ही आज्ञा दिली की प्रत्येकाचे नाव, सत्राचा क्रमांक, ते चालू आहे की तुटलेले, किती वेळ स्वस्थ आहे आणि केव्हा सुरू झाले, याची यादी मिळते. ‘लॉगऑफ’ या शब्दापुढे सत्राचा क्रमांक दिला की ते सत्र संपते. लिनक्सवर ‘हू’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन आज्ञांनी आत कोण आहे ते कळते. ही यादी मी रोज पाहू लागलो. तीत तुटलेल्या सत्रांचीच गर्दी असे.

माझी चूक

या यादीला कंटाळून मी एक मर्यादा घातली. विंडोज सर्व्हरच्या धोरणांत सत्राच्या कालमर्यादांचा एक भाग आहे. तुटलेले सत्र किती वेळ ठेवावे, स्वस्थ बसलेले सत्र किती वेळ चालू द्यावे आणि चालू सत्राला एकूण किती वेळ द्यावा, अशा तीन स्वतंत्र मर्यादा तेथे आहेत. मी पहिली मर्यादा १० मिनिटांवर आणली. तुटल्यापासून १० मिनिटांत परतला नाही तर सत्र समाप्त. शिवाय चकतीवर जागा उरावी म्हणून सत्र संपताच त्यातील तात्पुरत्या फाइलीही पुसल्या जाव्यात, अशी व्यवस्था केली. दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळा झटपट चालू लागली. मुले खूष झाली, मीही खूष झालो.

ही गोष्ट जुलै २०२२ ची. आमचा सर्व्हर २०२० च्या टाळेबंदीपासून घरूनही वापरता येत असे, आणि महाविद्यालय पुन्हा भरू लागल्यावरही आम्ही ती सोय ठेवली होती. पेडण्याच्या बाजूने येणाऱ्या मुलांना परतीची बस गाठावयाची असल्यामुळे प्रयोगशाळेत उशिरापर्यंत थांबता येत नसे. ती संध्याकाळी घरून काम करीत. त्यांपैकी इब्रामपूरकडची एक मुलगी तृतीय वर्षाला होती. उन्हाळ्यात तिने आसपासच्या गावांतील काजू बागायतदारांना भेटून ८४ प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. झाडे किती, बी किती निघाली, बोंडू भट्टीला किती गेले, मजुरी किती द्यावी लागली, असा सारा तपशील तीत होता. तो ती एका नव्या कोष्टकात भरीत होती. दुपारी प्रयोगशाळेत सुरू केलेले काम तिने संध्याकाळी घरून पुढे चालविले. फाईलला अजून नाव दिलेले नव्हते. साडेसात वाजता वीज गेली आणि नऊच्या पुढे आली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर उभी राहिली. रडत नव्हती. एवढेच म्हणाली, “सर, पडदा गेला तरी काम राहते, असे तुम्हीच सांगितले होते.”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते मी सांगितले होते, आणि नंतर ते खोटे ठरविणारा नियमही मीच केला होता. तो बदलला हे वर्गात सांगण्याचे मला सुचले नव्हते. एरवी एक्सेल मधून मधून मजकुराची प्रत ठेवते, ती तरी सापडेल म्हणून पाहिले. पण तात्पुरत्या फाइलींबरोबर तीही पुसली गेली होती. फाईलला आधीच नाव द्यावयास हवे होते हे तिलाही मान्य होते, परंतु तेवढे बोलून माझी सुटका होत नव्हती. पुढचे दोन दिवस दुपारी मी प्रश्नावल्या हाती घेऊन आकडे वाचीत गेलो आणि ती टंकित करीत गेली. ८४ प्रश्नावल्या पुन्हा भरून झाल्या.

ते आकडे वाचता वाचता माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. १० मिनिटांची मर्यादा मी कोणाला डोळ्यांसमोर ठेवून घातली होती? माझ्यासमोर, माझ्या खोलीत बसणाऱ्या मुलांना. त्यांच्या मागे वीज-साठवणीची सोय होती, तार भिंतीत होती. त्यांचे सत्र तुटे ते फक्त त्यांच्या इच्छेने. जिचे सत्र इच्छेविरुद्ध तुटते ती मला दिसत नव्हती. जवळच्यांच्या निष्काळजीपणाचा दंड मी दूरच्यांकडून वसूल केला होता.

नवा नियम

प्रथम वाटले, दोन गट करावेत. कालमर्यादा जशी संपूर्ण सर्व्हरला लावता येते तशी वापरणाऱ्यांच्या एखाद्या गटालाही लावता येते. मात्र दोन्हीकडे लावल्यास सर्व्हरची मर्यादा वरचढ ठरते, हे लक्षात ठेवावे. परंतु ती मुलगी दुपारी खोलीत असे आणि संध्याकाळी घरी. मग तिला कोणत्या गटात घालणार? आणि खात्यावर ‘लांबची’ असा शिक्का मारणे मला रुचले नाही. शेवटी सर्वांना एकच मर्यादा दिली. तुटलेले सत्र ४ तास राहील. स्वस्थ बसलेले सत्र अर्ध्या तासाने तुटेल, पण संपणार नाही. तात्पुरत्या फाइली सत्र संपताच पुसल्या जाणार नाहीत. त्या आठवड्यातून एकदा, आधी सूचना देऊन, काढल्या जातील.

उघडच आहे की ४ तासांची उदारता ३२ जीबीला झेपणारी नव्हती. ती एकाच अटीवर झेपणार होती. प्रयोगशाळेत बसणाऱ्या प्रत्येकाने उठताना साइन आऊट केले तर. मी वर्गात आकडे फळ्यावर मांडले आणि काय घडले तेही, नाव न घेता, सांगितले. प्रत्येक तासाच्या शेवटी एक विद्यार्थी यादी पाहील आणि ज्याचे सत्र मागे राहिले असेल त्याला हाक मारील, असे मुलांनीच ठरविले. पहिल्या आठवड्यात यादी लांबलचक असे. महिनाभराने ती दोन-तीन नावांवर आली. सर्व्हर तोच, स्मृती तीच, आणि तरीही वीज गेलेल्या घरासाठी ४ तास शिल्लक पडले.

आपल्या गोव्यातील खाजन शेतीची येथे आठवण होते. खाडीकाठची ही जमीन समुद्रसपाटीच्या आसपास असते. बांध आणि ‘मानस’ नावाचे झडपेचे दार यांच्या जोरावर ती खाऱ्या पाण्यापासून राखली जाते. भरतीला दार मिटते, ओहोटीला उघडते. बांधाला पडलेले खेकड्याचे भोक ज्याच्या शेताजवळ असते त्याला ते बुजविणे सोपे असते, पण न बुजविल्यास खारे पाणी थेट पलीकडच्या शेतापर्यंत जाते. म्हणून बांधाची निगा ही गावाची गोष्ट मानली गेली. सामाईक सर्व्हरवरील फुली हे असेच एक लहानसे भोक आहे.

आणखी काही सावधगिरीच्या गोष्टी

अशी व्यवस्था आपल्या महाविद्यालयात करू इच्छिणाऱ्या प्राध्यापक बंधुभगिनींसाठी काही मुद्दे येथे नोंदवितो.

पहिला मुद्दा परवान्यांचा. विंडोज सर्व्हरवर व्यवस्थापनासाठी एका वेळी दोनच सत्रे मिळतात. त्याहून अधिक हवी असल्यास ‘रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट’ ही भूमिका बसवावी लागते आणि प्रत्येक माणसामागे वा प्रत्येक यंत्रामागे परवाना घ्यावा लागतो. सुरुवातीला १२० दिवसांची सवलत असते. त्या दिवसांत सारे सुरळीत चालल्यामुळे परवान्याचा विसर पडतो, आणि १२१ व्या दिवशी, बहुधा परीक्षेच्या तोंडावर, दार बंद होते. लिनक्स व ‘एक्सआरडीपी’ यांच्या साहाय्याने ही सोय असा परवाना न घेताही करता येते.

दुसरा मुद्दा दाराचा. रिमोट डेस्कटॉपचे ठरलेले दार ३३८९ क्रमांकाचे आहे. ते इंटरनेटवर उघडे ठेवू नये. जगभर अशा उघड्या दारांवर यंत्रांकरवी परवलीचे शब्द आजमावून पाहिले जातात. मे २०१९ मध्ये ‘ब्ल्यूकीप’ नावाचा दोष उघडकीस आला. त्यात परवलीचा शब्द न देताही जुन्या विंडोज यंत्रांत शिरता येत होते. तो इतका गंभीर होता की कंपनीने ज्यांची देखभाल केव्हाच थांबविली होती त्या एक्सपी व सर्व्हर २००३ यांसाठीही दुरुस्ती काढली. म्हणून घरून येणाऱ्यांनी प्रथम व्हीपीएनमधून किंवा ‘गेटवे’मधून यावे, मगच सर्व्हरचे दार दिसावे, अशी योजना करावी. ठरावीक वेळा चुकीचा शब्द दिल्यास खाते काही काळ बंद व्हावे, हीही सोय करावी.

तिसरा मुद्दा आपल्या लिपीचा. दूरस्थ सत्रात अक्षरे उमटतात ती सर्व्हरच्या फॉंटातून. आपल्या यंत्रावर फॉंट असून उपयोग नाही. तेव्हा मराठी व कन्नड कळफलक आणि फॉंट सर्व्हरवरच बसवावेत. ‘निर्मला यूआय’ या एकाच फॉंटात देवनागरी व कन्नड या दोन्ही लिप्या आहेत. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तर ‘क’ची कळ मराठीला आणि कन्नडला एकच आहे. एका भाषेचा कळफलक हाताखाली बसला की दुसरीचा अर्धा शिकून होतो, हे या नियतकालिकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना सांगण्यास मला आनंद होतो.

शेवटचा मुद्दा विद्यार्थ्यांसाठी. फाईल उघडताच तिला नाव द्या, लिहिता लिहिता साठवीत जा. आपला परवलीचा शब्द मित्रालाही देऊ नका. मित्रावर संशय घेण्याची पाळी येऊ नये म्हणून तरी देऊ नका. सामाईक सर्व्हर मनास येईल तेव्हा बंद वा पुन्हा सुरू करू नका. आत कोण आहे ते आधी पाहा. आणि उठताना साइन आऊट करा.

समारोप

दूरस्थ सत्राचा मोठा गुण हा की पडदा विझला तरी ते जिवंत राहते. त्याचा मोठा दोषही हाच. गुण हवा असेल तर दोष कोणीतरी आवरला पाहिजे, आणि तो आवरणे जवळ बसणाऱ्याच्या हाती असते. यंत्रात कालमर्यादा घालता येते, पण ती किती असावी हे यंत्र सांगत नाही. ते ठरविताना आपल्याला न दिसणाऱ्या माणसाचा विचार करावा लागतो.

त्या मुलीचा प्रकल्प वेळेवर सादर झाला. त्यानंतरही पावसाळ्यात इब्रामपूरची वीज जात राहिली. एके रात्री मी सहज यादी पाहिली, तर तिच्या नावापुढे ‘तुटलेले’ असे होते आणि स्वस्थ बसल्याचा काळ दीड तासाच्या पुढे गेला होता. मी काही केले नाही. थोड्या वेळाने पुन्हा पाहिले, तेव्हा तिचे सत्र चालू झाले होते.